जवळच्या माणसाचं नाव

मिल्वॉकी, विस्कॉन्सिन
९ मार्च १९९५

माननीय क्लार्क,
टिल्सन काउंटी कचेरी, नेब्रास्का

महोदय किंवा महोदया,

मी माझ्या थोरल्या बहिणीला शोधते आहे. तिचं नाव लिओकाडिया गापिन्स्की, जन्म १९२७, इथलाच, मिल्वॉकीच्या दक्षिण भागातला. घरी आम्ही तिला लोजा म्हणायचो. १९४९च्या उन्हाळ्यात ती हार्लन टीडमन नावाच्या तरुणाबरोबर घर सोडून गेली. तो नेब्रास्काहून गुरांचे ट्रक घेऊन यायचा. तो लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट होता, आम्ही कॅथलिक. आज याचं हसू येईल. त्या वर्षी आमच्या घरात कुणी हसलं नाही. या घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं वडिलांनी सांगितलं, आणि ते जाईपर्यंत कुणी घेतलं नाही.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. त्या हिवाळ्यात माझ्या नावाने एक चित्राचं कार्ड आलं. चित्र धान्याच्या उंच कोठाराचं, शिक्का तुमच्या ऑर्चर्ड बेंड गावाचा. मजकूर एवढाच: ‘इथे झाडं कमी आहेत. बर्नी, तुझ्या पावाच्या कडा आता कोण खातं?’ पत्ता नव्हता. लहानपणी शाळेत जेवताना मी पावाच्या कडा काढून टेबलाखालून तिच्या हातात द्यायचे आणि नन्सना सांगायचे, मी सगळा खाल्ला.

तुमच्या राज्यातल्या बऱ्याच कॅथलिक चर्चना मी पत्रं लिहिली. कुठल्याही वहीत तिचं लग्न नाही. आई म्हणायची, म्हणजे लग्न झालंच नाही. फोनवाल्यांकडे चौकशी केली, लिओकाडिया टीडमन नावाचं कुणी नाही.

आताच का, असं वाटेल. शरद ऋतूत माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. मी शाळेत ग्रंथपाल होते, लग्न केलं नाही, एकटी राहते. इस्पितळात फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने विचारलं, “जवळचं माणूस कोण?” मी म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, “करा विचार, पण ही जागा रिकामी ठेवता येत नाही हं.”

आपली,
बर्नाडेट गापिन्स्की


ऑर्चर्ड बेंड, नेब्रास्का
२३ मार्च १९९५

मिस गापिन्स्की यांस,

तुमचं पत्र क्लार्क डार्लीनने माझ्याकडे दिलं. मी कचेरीची नोकर नाही. इथल्या वंशावळ मंडळाची स्वयंसेवक आहे. दर गुरुवारी तळघरात जुन्या वह्या बघत बसते, कारण गुरुवारी मला दुसरं काही नसतं. इतर दिवशीही नसतं, पण इतर दिवशी तळघराला कुलूप असतं.

डार्लीनने पाकीट लांब धरलं आणि म्हणाली, “आर्डिथ, या अक्षराला छडीचा वास येतोय. नन्सच्या हाताखालची बाई आहे.” मी म्हटलं, निदान वाचता तरी येतं.

तुम्ही चुकीच्या दारावर थापा मारत होता. चर्चच्या वहीत तेच सापडतात ज्यांचं लग्न त्या चर्चला मान्य असतं. कचेरीच्या वहीत सगळे सापडतात: कॅथलिक, लूथरन, आदल्या रात्रीची उतरलेली नसलेले. तुमच्या बहिणीचं लग्न १९४९च्या ऑक्टोबरमध्ये काउंटीच्या न्यायाधीशांसमोर झालं आहे. रीतसर झालं आहे, हे तुमच्या आईला कळायला हवं होतं. साक्षीदार दोघं: न्यायाधीशांची टायपिस्ट, आणि एक शेतकरी, जो त्या दिवशी शेतसारा भरायला आला होता. म्हणजे घरचं कुणी नव्हतं.

पुढचंही बघितलं. १९५६ साली दोघांनी मिळून जमीन घेतली. खरेदीखतावर तिची सही हार्लनच्या सहीपेक्षा मोठी आहे. १९७८ साली जमीन विकली. मुलांच्या जन्माची नोंद इथे तरी नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी कॉफी करून आले. आमच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी काउंटीतल्या सगळ्या स्मशानांची यादी केली. झायन लूथरन चर्चच्या स्मशानात ही नोंद आहे: ‘टीडमन, हार्लन आणि लिओकाडिया.’

मला वाईट वाटतं. उशिरा पोचणाऱ्यांना मी अशी बरीच पत्रं लिहिली आहेत. सवय होत नाही.

आर्डिथ लिंडक्विस्ट


मिल्वॉकी
२ एप्रिल १९९५

मिसेस लिंडक्विस्ट,

तुमच्या कष्टांबद्दल आभार. साक्षीदार कोण होते ते तुम्ही सांगितलंत, त्याबद्दल जास्त.

मी पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग बराच वेळ भांडी घासत राहिले. भांडी स्वच्छच होती. कुणाला सांगावं असं वाटलं, तर ज्यांना लोजा माहीत होती ती सगळी गेलेली. शेवटी सफरचंदांच्या दुकानातल्या बाईला सांगितलं, “माझी बहीण वारली.” ती म्हणाली, “अरेरे, कधी?”

म्हणून पुन्हा त्रास देते. फादर चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणणार आहेत, पण दर वर्षीच्या मिस्सेला तारीख लागते. ती कधी गेली ते कळेल का? आणि तिथे कुणी फुलं ठेवतं का?

बर्नाडेट गापिन्स्की


ऑर्चर्ड बेंड
१३ एप्रिल १९९५

मिस गापिन्स्की,

मृत्यूचे दाखले काउंटीत नसतात, राज्याच्या कचेरीत असतात, आणि अलीकडचे फक्त सख्ख्या नात्याला देतात. तुम्ही सख्ख्या आहात. पत्ता खाली दिला आहे. तुमचा जन्मदाखला जोडा, म्हणजे आईबापांची नावं जुळतील.

फुलांचं मी बघते. मेमोरियल डेला मी माझ्या नवऱ्याच्या, व्हर्ननच्या, कबरीवर जाते. तिथून झायन फार लांब नाही. कॅथलिक बाईला लूथरन फुलं चालतील ना?

आर्डिथ


मिल्वॉकी
१९ मे १९९५

प्रिय आर्डिथ,

तिला चालतील. तिने तर अख्खा लूथरन चालवून घेतला.

राज्याच्या कचेरीतून उत्तर आलं: ‘या नावाची मृत्यूनोंद आढळली नाही.’ म्हणजे ती दुसऱ्या राज्यात वारली असेल आणि पुरायला इकडे आणलं असेल. आपल्या माणसांपासून किती लांब जाऊन कुठल्या परक्या खाटेवर, असा विचार येत राहतो. अमेरिकेत राज्यं पन्नास. मी एकेकाला लिहायला सुरुवात करणार आहे.

बर्नाडेट


ऑर्चर्ड बेंड
३० मे १९९५

प्रिय बर्नाडेट,

कुणालाही लिहू नका. आधी बसा.

काल मी कॉफीच्या डब्यांना चंदेरी कागद लावून पिओनीची फुलं घेऊन निघाले. व्हर्ननचं झाल्यावर झायनला गेले. दगड सापडला, तांबूस, दोघांचा मिळून. डावीकडे हार्लन, १९२४ ते १९८६. उजवीकडे लिओकाडिया, १९२७, पुढे एक आडवी रेघ. रेघेनंतर गुळगुळीत दगड. काहीही कोरलेलं नाही.

आमच्याकडे नवरा गेला की दगड दोघांचा घेतात. एकदम कोरून घेतलं की सोपं पडतं, तारीख तेवढी मागाहून घालायची. तुमच्याकडेही असेल. आम्ही मंडळाच्या बायका यादी करत फिरलो तेव्हा वारा सुटला होता, एकीने नावं वाचायची, दुसरीने लिहायची. ज्याचं नाव दगडावर, तो पुरलेला.

घरी येऊन मी यादी काढली आणि माझं नाव शोधलं. आहे. ‘लिंडक्विस्ट, व्हर्नन आणि आर्डिथ.’ यादी छापली तेव्हापासून आमच्याच मंडळाच्या हिशेबाने मी मेलेली आहे, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

राज्याकडे मृत्यूची नोंद नाही याचा साधा अर्थ आधी बघायला हवा होता. तुमची बहीण मेली म्हणून मी तुम्हाला कळवलं. त्याबद्दल माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. मी शोधते आहे.

आर्डिथ

ता. क. फुलं मी तिच्या बाजूला ठेवली नाहीत. हार्लनच्या बाजूला ठेवली. तिथे आधीच एक बरणी होती, ताज्या जांभळ्या आयरिसच्या फुलांची.


मिल्वॉकी
५ जून १९९५

प्रिय आर्डिथ,

माफी नको. तुमचं पत्र घेऊन मी चर्चमध्ये गेले. फादरना विचारलं, मृतांसाठी म्हटलेली मिस्सा परत घेता येते का? ते म्हणाले, “बर्नाडेट, तिकडे परताव्याची खिडकी नाही.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “जमा राहू दे.”

मी खूप हसले, मग बाकावर बसून राहिले.

तुम्ही दगडाचं लिहिलंत म्हणून सांगते. इथे आईवडिलांच्या दगडावर माझंही नाव आहे. वडील गेले तेव्हा आईने मला न विचारता कोरून घेतलं. लग्न न झालेली मुलगी आणखी कुठे जाणार? तीन नावं बसतील एवढाच दगड तिने पसंत केला. दर नोव्हेंबरात मी मेणबत्ती घेऊन जाते आणि माझ्याच नावासमोर उभी राहते. चौथ्या नावाबद्दल मी आईला कधी विचारलं नाही. घरात ज्याचं नाव घ्यायचं नाही, ते दगडावर कसं मागायचं?

आता सांगा, ती कुठे आहे?

बर्नाडेट


ऑर्चर्ड बेंड
१६ जून १९९५

प्रिय बर्नाडेट,

सापडली.

पासष्टीच्या पुढच्या माणसांना इथे घरपट्टीत सूट मिळते. पण दर वसंतात त्यासाठी नव्याने सही करावी लागते. आमच्याकडच्या अर्जांत तिचं नाव नव्हतं, म्हणून मी शेजारच्या काउंटीत गेले. तिथला माणूस म्हणाला, “पुन्हा कुणी मेलेलं माणूस शोधताय का मिसेस लिंडक्विस्ट?” मी म्हटलं, या वेळी जिवंत. मेलेली माणसं मतदान करतात असं ऐकून आहे, पण घरपट्टीच्या रांगेत उभं राहिलेलं मी कुणी पाहिलं नाही.

एल. टीडमन, विधवा. सही याच एप्रिलमधली. खरेदीखताशी ताडून पाहिली. ‘टी’ची तीच लांब आडवी रेघ, आता थोडी थरथरती.

फोनही आहे. तुम्हाला मिळाला नाही, कारण तो अजून हार्लनच्या नावावर आहे. आमच्याकडच्या विधवा फोनच्या पुस्तकातून नवऱ्याचं नाव काढत नाहीत. घरात बाई एकटी आहे हे गावाला कशाला सांगायचं? माझाही व्हर्ननच्याच नावावर आहे.

पत्ता वेगळ्या कागदावर लिहिला आहे. मी दारापर्यंत गेले नाही. मंडळाचा नियम आहे, आम्ही कागद शोधायचे. माणसाला हाक मारायची की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. फक्त गाडीतून घरासमोरून गेले. पांढरं लहान घर, कुंपणाला आयरिस. दोरीवर एकाच माणसाचे कपडे.

आर्डिथ


मिल्वॉकी
३१ जुलै १९९५

प्रिय आर्डिथ,

पत्र पाठवून महिना उलटून गेला. बरीच लिहिली, त्यातलं सगळ्यात लहान पाठवलं. तिला ऑपरेशनचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, मिस्सेची गंमतसुद्धा सांगितली. पुढच्या महिन्यात बसने येऊ का, असं विचारलं.

उत्तर नाही. पोस्टमन आता माझ्या खिडकीकडे न बघता जातो.

तुम्ही जाऊन विचाराल, हे मला माहीत आहे. नका जाऊ. तुमचा नियम बरोबर आहे.

तुमच्याकडे गव्हाची कापणी झाली का? इस्पितळाने १९ सप्टेंबर ठरवली आहे. फॉर्मवरची ती जागा अजून रिकामीच आहे.

बर्नाडेट


२१ ऑगस्ट १९९५

बर्नी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर तसंच आहे. माझं बिघडलं, पाकिटावर दिसलं असेल.

मी मेले नाही. हार्लन नऊ वर्षांपूर्वी गेला. चांगला होता. मुलं झाली नाहीत.

तू मला शोधलंस असं लिहिलंस. मला तुला शोधायला लागलं नाही. मिल्वॉकीचं रविवारचं वर्तमानपत्र मी टपालाने मागवते. बुधवारी पोचतं. पहिल्यांदा मरणाच्या बातम्या वाचते. गापिन्स्की नसलं की घडी घालून ठेवते. म्हणजे तू आहेस. इतकी वर्षं मला तेवढं पुरलं.

आई गेल्याचं त्यातच वाचलं. ‘मागे एक मुलगी’ असं छापलं होतं. एक. हार्लन म्हणाला, “तरी चल.” त्याने मला गाडीने आणलं. दफन होऊन गेलं होतं. आम्ही दगडापाशी गेलो. वडील, आई, तू. मी दगडाची मागची बाजूसुद्धा बघितली, वेड्यासारखी. हार्लन म्हणाला, “बहिणीला भेटून तर ये.” मी म्हटलं, ज्यांनी मोजून तीन नावं कोरली त्यांना चौथं माणूस दाखवून काय करू? घर दिसत होतं तिथून आम्ही गाडी वळवली. स्वयंपाकघरात दिवा होता.

मला वाटलं ते तूच कोरून घेतलंस. आता तू लिहितेस की तुला कुणी विचारलं नव्हतं. मी मानते. पण तेरा वर्षं दुसरंच मानत आले. एका पत्राने ते हाडातून निघत नाही.

येऊ नकोस. रागाने म्हणत नाही. तू दारात उभी राहिलीस तर मला चौदा वर्षांची बर्नी बघायची असेल आणि साठ वर्षांची बाई दिसेल. तुलाही तसंच. नाताळला कार्ड पाठव. मी पाठवेन.

ती मिस्सा राहू दे. आज ना उद्या लागेलच.

लोजा


मिल्वॉकी
७ सप्टेंबर १९९५

प्रिय आर्डिथ,

सोबत लोजाच्या पत्राची नक्कल आहे. मी हाताने उतरवली. मूळ पत्र माझ्यापाशी राहू दे.

मला वाईट वाटतंय असं समजू नका. म्हणजे वाटतंयच. काल मी तिचं पत्र वाचून स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि रस्त्यावर जाऊन बाहेरून बघितला. मी नेमकी कुठे उभी राहिले असते तर ती गाडी मला दिसली असती, ते ठरवत राहिले. मग शेजारच्या मिस्टर बुख्तेल यांनी विचारलं, “काही हरवलं का?” मी म्हटलं, नाही, सापडलं.

आज इस्पितळात कागद दिला. जवळच्या माणसाच्या जागी लिहिलं: लिओकाडिया टीडमन, बहीण, नेब्रास्का. तिने येऊ नकोस म्हटलं आहे, नाव लिहू नकोस असं म्हटलेलं नाही. तिच्या दगडावरही नाव आहे आणि पुढची जागा रिकामी आहे. तरी नाव नाव असतं.

पण फोनचा नंबर लिहायचा होता. तिला फोन वाजवून घाबरवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून त्या जागी तुमचा नंबर दिला आहे. आधी विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात न विचारता नावं घालायची पद्धतच आहे.

बर्नाडेट


ऑर्चर्ड बेंड
२१ सप्टेंबर १९९५

प्रिय बर्नाडेट,

मी आता तुला अगं-तुगं करणार आहे. जिच्या इस्पितळाचे फोन मी घेते, तिला अहो-जाहो करायचं मला जमणार नाही.

मंगळवारी दिवसभर मी फोनजवळून हलले नाही. डार्लीनने मधे एकदा उगाच फोन केला, “आर्डिथ, काही कळलं का?” मी म्हटलं, तू लाइन अडवून बसलीस तर कसं कळेल? संध्याकाळी वाजला. एक तरुण मुलगी होती. म्हणाली, “मिसेस टीडमन? आपण मिस गापिन्स्कींच्या बहीण ना?”

नोंदीत खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे. पण फोन म्हणजे नोंद नव्हे. मी म्हटलं, “हो, बोला.”

ती म्हणाली, झडप बसली, बाई बरी आहे, अजून ग्लानीत आहे. मी फोन ठेवला आणि किती वेळ तो पुसत बसले कोण जाणे.

काल मी दुसरा नियमही मोडला. तू मला जाऊ नको म्हणाली होतीस, पण ते पत्राबद्दल होतं, जिवाबद्दल नव्हतं. मी पांढऱ्या घराचं दार वाजवलं. जाळीच्या दारामागे एक उंच बाई उभी राहिली. तुझी हनुवटी कशी आहे मला माहीत नाही, पण तशी असेल तर तू हट्टी आहेस.

म्हणाली, “मला काही विकत घ्यायचं नाही.”

मी म्हटलं, “मी काही विकत नाही. तुमच्या बहिणीचं ऑपरेशन नीट झालं.”

तिच्या हातात वर्तमानपत्र होतं. बुधवार होता ना. वेष्टनाची पट्टी अजून काढलेली नव्हती. तिने त्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी अजून उघडलं नव्हतं.”

“नका उघडू आज,” मी म्हटलं.

तिने मला आत बोलावलं नाही. मी कोण, तेही विचारलं नाही. मी पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, “ती अजून पावाच्या कडा टाकते का?”

मी म्हटलं, “ते कुठल्या कचेरीत मिळत नाही, मिसेस टीडमन. तुम्हीच विचारा.”

जाळीचं दार लागलं. मी आरशात बघत गाडी काढली. वळणापर्यंत जाळीमागे कुणीतरी होतं.

आज गुरुवार. तळघरात बसून हे लिहिते आहे. यादीतून दोन नावं खोडली, तिचं आणि माझं. पेन्सिलने खोडली. कधीतरी परत लिहावी लागतीलच, आणि ती लिहायला कुणीतरी असायला हवं. तू लवकर हिंडूफिरू लाग.

पावाच्या कडांचं काय ते कळव. मला नको कळवू, तिला कळव. नाताळची वाट बघू नकोस. ती वाट बघते आहे. तिने तसं म्हटलेलं नाही.

आर्डिथ